कोंबडीच्या धंद्याला पदवी कशाला?
कुक्कुटविज्ञानाच्या उच्च शिक्षणाची ओळख

आमचा धंदा कापडाचा. चिमूरच्या बाजारात तागे उलगडण्यात आणि मीटर मोजण्यात आमची तीस वर्षे गेली. तेव्हा आम्ही कोंबडीवर लिहायला बसलो याचे वाचक बंधूंना नवल वाटेल. पण या विषयाचा धडा आम्ही रोख पैसे मोजून घेतला आहे, आणि तो आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंच्या उपयोगी पडावा म्हणून हा लेख लिहीत आहोत.

आमच्या दुकानाच्या मागच्या गल्लीत एका भाईंचे कोंबडीचे दुकान आहे. त्यांची मुलगी यंदा बारावी विज्ञान शाखेत आहे. जीवशास्त्रात हुशार आहे. तिला पशुवैद्यकाची पदवी घ्यायची आहे आणि पुढे कुक्कुटविज्ञान शिकायचे आहे. भाई आमच्याकडे सल्ल्याला आले आणि म्हणाले, "सेठ, तीन पिढ्या आम्ही कोंबडी विकतो. त्याला पदवी कशाला लागते? साडेपाच वर्षे घालवून पोरगी शेवटी कोंबडीच पाहणार ना?" प्रश्न सरळ होता. त्याचे उत्तर आम्ही आधी आमच्याच नुकसानीतून दिले.

आमचा अनुभव

२०१० साली आम्ही या भाईंबरोबर भागीदारीत एक हजार ब्रॉयलर पिल्लांची शेड टाकली होती. भाईंना विक्री येत होती, आम्हाला हिशेब येत होता. पक्षी मात्र दोघांनाही येत नव्हता. जागा सोयीची म्हणून शेडची लांबी उत्तर-दक्षिण ठेवली आणि वर उघडे टिनपत्रे टाकले. मे महिना आला. आपल्या चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४६ अंशांच्या वर जातो हे काही नवीन नाही. पक्षी विक्रीला आलेले होते. वजन लवकर भरावे म्हणून आम्ही भर दुपारी भांडी खाद्याने भरून ठेवली. दोन दुपारींत ३४० पक्षी मेले. दुकानाचे भांडवल त्यात अडकले आणि ते भरून निघायला ईदचे दोन हंगाम जावे लागले.

तिसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टर आले. त्यांनी कुक्कुटविज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घेतले होते. अर्ध्या तासात त्यांनी सांगितले ते असे. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. ती चोच उघडून धापा टाकते आणि श्वासातून उष्णता बाहेर टाकते. खाल्लेले अन्न पचताना शरीरात आणखी उष्णता तयार होते. म्हणून कडक उन्हाळ्यात सकाळी दहा-अकरापासून संध्याकाळपर्यंत खाद्य काढून घ्यावे, आणि पहाटे व रात्री द्यावे. पाणी मात्र थंड व सतत हवे. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे ऊन आत शिरत नाही. पत्र्यावर चुना मारावा किंवा धानाचे तणस पसरून त्यावर पाणी शिंपडावे.

यातली एकही गोष्ट महाग नव्हती. तणस तर आपल्या धानपट्ट्यात दारात पडलेले असते. आम्हाला फक्त ते माहीत नव्हते.

या शास्त्रात शिकवतात काय?

पुष्कळांना वाटते की कुक्कुटविज्ञान म्हणजे कोंबडीची औषधे. औषधे हा त्यातला एक भाग आहे. बाकीचे भाग व्यापाऱ्याने समजून घ्यावेत असे आहेत.

पहिला भाग पैदाशीचा. अंड्यांची जात वेगळी, मांसाची वेगळी आणि परसात फिरून पोट भरणारी वेगळी. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातील पालनासाठी वनराजा आणि ग्रामप्रिया या जाती तयार केल्या. गडचिरोलीच्या एखाद्या पाड्यावर दहा-वीस पक्षी पाळणाऱ्या बाईला ब्रॉयलर देऊन चालत नाही. तिला असाच काटक पक्षी लागतो. कोणत्या घराला कोणता पक्षी द्यावा हे जातींची माहिती असलेलाच सांगू शकतो.

दुसरा भाग अंडी उबवण्याचा. कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू निघायला २१ दिवस लागतात. यंत्रातले तापमान सुमारे साडेनव्व्याण्णव अंश फॅरनहाइट ठेवावे लागते. पहिले १८ दिवस अंडी फिरवत राहावी लागतात. शेवटचे तीन दिवस फिरवणे बंद करून ओलावा वाढवावा लागतो. एखाद्या अंशाचा फरक बराच वेळ राहिला तरी उबवणीचे प्रमाण घसरते.

तिसरा भाग आहाराचा, आणि खरा पैसा इथे आहे. कुक्कुटपालनात खर्चाचा सर्वांत मोठा वाटा, साधारण ६० ते ७० टक्के, खाद्याचा असतो. एक किलो वजन वाढायला किती किलो खाद्य लागले याच्या हिशेबाला खाद्य रूपांतर प्रमाण म्हणतात. एक हजार पक्षी प्रत्येकी दोन किलोचे झाले म्हणजे दोन हजार किलो माल. प्रमाण १.६ असेल तर खाद्य ३,२०० किलो लागले. तेच १.८ असेल तर ३,६०० किलो. खाद्याचा भाव समजा ४० रुपये किलो धरला, तर फरक १६ हजार रुपयांचा. शिंप्याने कापड बेतताना चिंधी जास्त पाडली तर नफा चिंधीत जातो, तसेच हे आहे. मका, सोयाबीनची पेंड, खनिजे आणि जीवनसत्त्वे यांचा मेळ कमी खर्चात कसा बसवावा, हे आहारशास्त्र शिकलेला माणूस सांगतो.

ज्या बंधूंनी कंपनीबरोबर कराराने पक्षी वाढवायला घेतले आहेत त्यांना हे अधिकच लागू आहे. पिल्लू, खाद्य व औषध कंपनीचे, शेड व मेहनत आपली आणि मोबदला किलोमागे, अशी या कराराची पद्धत असते. हा मोबदला बहुधा याच प्रमाणावर कमी-जास्त होतो. ज्याला हे प्रमाण काढता येत नाही, तो न वाचता अंगठा देणाऱ्यासारखाच आहे.

चौथा भाग रोगांचा. राणीखेत हा रोग आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. आपल्या देशात १९२७ साली तो उत्तरेकडील राणीखेत येथे आढळला, म्हणून त्याला ते नाव पडले. त्याची लस स्वस्त आहे, तरी कळप मरतात. कारण लस जिवंत विषाणूची असते आणि ती थंड ठेवावी लागते. बाजारातून खिशात घालून आणली की ती वाटेतच निकामी होते. नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्यात कालवली तरीही मरते. मग माणूस म्हणतो, लस दिली पण गुण आला नाही. पावसाळ्यात जमिनीवरचे तूस ओले राहिले की पिल्लांना रक्ती हगवण लागते. तिथे औषधाइतकेच कोरड्या तुसाचे महत्त्व आहे.

पाचवा भाग बाजाराचा. १९८२ साली डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. तोवर अंडे उत्पादकाचे आणि भाव दुसऱ्याचा अशी स्थिती होती. उत्पादक एकत्र आले आणि भाव स्वतः जाहीर करू लागले. धंद्याचे हे अंगही अभ्यासाचा विषय आहे.

बर्ड फ्लूने दिलेला इशारा

२००६ साली आपल्या राज्यात नवापूरला बर्ड फ्लू निघाला. तो देशातला पहिला प्रादुर्भाव होता. तिथले पक्षी मोठ्या संख्येने नष्ट करावे लागले. आपल्याकडच्या लोकांना ते दूरचे वाटले. पण २०२४च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगाने दगावले. त्यात आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातून नेलेले वाघ होते. पुढे २०२५च्या जानेवारीत ब्रह्मपुरी तालुक्यातील मांगली येथे कोंबड्यांत हा रोग सापडला. आता तो आपल्याच जिल्ह्यात येऊन गेला आहे.

अशा वेळी कोंबडीचा दुकानदार दोन चुका करतो. एक, पक्षी अचानक मरू लागले तरी लपवतो आणि उरलेले घाईने विकून टाकतो. त्याने रोग गावोगाव जातो. दुसरी, अफवेला उत्तर देऊ शकत नाही. २०२० साली कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो अशी अफवा उठली आणि भाव मातीमोल झाले. त्यात तथ्य नव्हते. पण गिऱ्हाइकाला ते पटवून देणारा जाणकार आपल्या बाजारात कोण होता? मेलेल्या पक्ष्याचा नमुना कसा घ्यावा, तो भोपाळच्या प्रयोगशाळेपर्यंत कसा जातो, नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई कशी मागावी, हे सांगणारा आपल्यातला एक जण असता तर अनेक घरांची रोजी वाचली असती.

शिक्षणाची वाट

आता मुख्य माहिती. कुक्कुटविज्ञानाची पदव्युत्तर पदवी थेट मिळत नाही. आधी पशुवैद्यकाची पदवी घ्यावी लागते. ती साडेपाच वर्षांची आहे. साडेचार वर्षे अभ्यास आणि एक वर्ष प्रत्यक्ष काम. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय हवेत आणि 'नीट' ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. उर्दू माध्यमाच्या पालकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. नीटची प्रश्नपत्रिका मराठीत मिळते आणि २०१८पासून उर्दूतही मिळते. पुढचा अभ्यास मात्र सगळा इंग्रजीत असतो. आम्ही स्वतः उर्दू शाळेत शिकलो आणि मराठी दुकानात बसून शिकलो. भाषेची अडचण काय असते ते आम्हाला ठाऊक आहे. म्हणून सांगतो, आठवीपासूनच मुलांना विज्ञानाचे इंग्रजी शब्द पाठ करायला लावा. ते ओझे पदवीच्या पहिल्या वर्षावर टाकू नका.

आपल्या राज्यात हे शिक्षण महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे. ते २००० साली स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय नागपुरात आहे. चिमूरच्या मुलांना नागपूर म्हणजे बसने काही तासांची वाट. नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय १९५८चे आणि मुंबईचे १८८६चे. परभणी, उदगीर व शिरवळ येथेही महाविद्यालये आहेत. पदवीनंतर दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी असते. त्यात एक विषय घेऊन प्रबंध लिहावा लागतो. नागपूर व मुंबई या दोन्ही महाविद्यालयांत कुक्कुटविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. त्यापुढे पीएच.डी. बाहेर जायची तयारी असेल त्यांच्यासाठी बरेलीजवळ इज्जतनगर येथे १९७९ साली स्थापन झालेली केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे.

कागदपत्रांबाबत एक सूचना. आपल्या अनेक बिरादऱ्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. पण जातीचा दाखला, जात पडताळणी आणि नॉन-क्रीमीलेयर दाखला वेळेवर नसल्याने हातची जागा जाते. पडताळणीला महिने लागतात. अकरावीतच अर्ज द्यावा.

शिकून पुढे काय?

राज्य सरकारच्या सेवेत पशुधन विकास अधिकारी होता येते. हॅचरी, खाद्याचे कारखाने, लस व औषध कंपन्या, करारावर पक्षी वाढवून घेणाऱ्या कंपन्या आणि महाविद्यालयातील अध्यापन या जागा आहेत. नोंदणी करून स्वतःचा दवाखानाही काढता येतो. १९८४च्या कायद्याने पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत पदवीधरालाच करता येतो. म्हणून 'आमच्याकडे शिका आणि कोंबड्यांचे डॉक्टर व्हा' अशा महिन्या-दोन महिन्यांच्या जाहिरातींना भुलू नये.

मात्र कोंबडी पाळायला पदवी लागते असेही आम्ही म्हणत नाही. ज्यांचे शिक्षण सुटले आहे त्यांनी छोटे प्रशिक्षण घ्यावे. आपल्या जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र सिंदेवाहीला आहे. पुण्याजवळ उरुळी कांचन येथे डॉ. बी. व्ही. राव यांच्या नावाची संस्था कुक्कुटपालनाचे वर्ग चालवते. शेड बांधण्याआधी आठ दिवस शिकण्यात घालवावेत. आम्ही ते केले असते तर ३४० पक्षी वाचले असते.

पदवी लागते ती ज्याला शेकडो शेडना सल्ला द्यायचा आहे त्याला. आपल्या समाजात कोंबडी विकणारी, कापणारी, गाडीने पोहोचवणारी घरे पुष्कळ आहेत. पिल्लू कोणते, खाद्य कोणते, लस कोणती, भाव कोणता, हे मात्र दुसरे कोणीतरी ठरवते. दुकान आपले आणि अक्कल उधारीची, असा धंदा फार दिवस टिकत नाही.

भाईंना आम्ही एवढेच सांगितले की त्या मे महिन्यात जे अर्ध्या तासात कळले, ते तुमच्या घरातच असते तर किती बरे झाले असते. भाई बराच वेळ गप्प बसले. मग मुलीला दुकानात बोलावून म्हणाले, "चाचांना विचार, दाखल्याला काय काय लागते." मुलगी वही-पेन घेऊनच आली होती. पडताळणीचा अर्ज आम्ही त्याच संध्याकाळी भरला. नीटचा निकाल काय लागेल तो लागो, आपल्या हातचे काम आपण वेळेवर केले. ज्या घरात मूल विज्ञान शाखेला आहे, त्या घराने या वर्षी एवढे तरी करावे.