गाणे सरकते आहे, मग आवाज अडला कुठे?

प्रश्न : माझ्या जुन्या लॅपटॉपवर भाच्याने लिनक्स मिंट बसवून दिले. बाकी सगळे छान चालते, पण गाण्यांचा घोळ काही सुटत नाही. अक्षरे मोठी दिसावीत म्हणून एचडीएमआय केबलने मॉनिटर जोडला. तेव्हापासून गाणे पुढे सरकताना दिसते, मिनिटे मोजली जातात, पण आवाज नाही. जुन्या पेनड्राइव्हवरची काही गाणी तर सुरूच होत नाहीत. एक जण म्हणतो, ‘ऑडिओ ग्रुप’मध्ये नाव घाला. दुसरा म्हणतो, लिनक्सला साउंडचा ड्रायव्हरच नसतो. तिसरा म्हणतो, सगळे पुसून नव्याने टाका. कोणाचे ऐकू?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तूर्त तिघांचेही ऐकू नका. तुमच्या पत्रात खरे तर दोन तक्रारी आहेत. गाणे सरकते पण ऐकू येत नाही, ही एक. गाणे सुरूच होत नाही, ही दुसरी. दोन्हींची कारणे वेगवेगळ्या ठिकाणी असतात, आणि एकीचा उपाय दुसरीवर केला की गोंधळ वाढतो.

आवाज कोणत्या वाटेने येतो ते आधी पाहू. एमपी३सारख्या फाइलमध्ये गाणे दाबून भरलेले असते. ते उलगडण्याचे काम डिकोडर करतो. उलगडलेला आवाज प्लेअर ‘पाइपवायर’ या साउंड सर्व्हरकडे सोपवतो. गाणे, व्हिडिओ कॉल, सूचनांची टिंगटिंग असे सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र करून ते योग्य दिशेला पाठवायचे, हे पाइपवायरचे काम. तिथून आवाज लिनक्सच्या गाभ्यातल्या, म्हणजे कर्नलमधल्या ‘अल्सा’ या व्यवस्थेकडे जातो, ती साउंड चिपशी बोलते आणि शेवटी स्पीकर वाजतो. पाटाचे पाणी शेवटच्या वाफ्यात पोहोचले नाही, तर शेतकरी विहिरीवरची मोटर खोलत बसत नाही. पाटाच्या कडेने चालत जाऊन तो कुठे फुटला ते पाहतो. आपणही तेच करायचे.

त्यासाठी ‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’ हा छोटा प्रोग्रॅम सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्या. नावात पल्सऑडिओ आहे म्हणून बिचकू नका. पल्सऑडिओ हा आधीच्या पिढीचा साउंड सर्व्हर, २००४ साली सुरू झालेला. पाइपवायर त्याच्याच पद्धतीने बोलू शकतो, म्हणून जुने साधन नव्यावरही बिनतक्रार चालते. आता गाणे लावा आणि या प्रोग्रॅमचा ‘प्लेबॅक’ टॅब उघडा. तुमच्या प्लेअरचे नाव दिसेल, त्याखाली आवाजाची सरकपट्टी आणि तिच्याही खाली एक बारीक पट्टी. गाण्याच्या लयीत ही बारीक पट्टी थरथरत असेल, तर फाइल, डिकोडर आणि प्लेअर तिघेही निर्दोष आहेत. अडचण पुढे आहे. पट्टी निपचित असेल किंवा प्लेअरचे नावच दिसत नसेल, तर अडचण मागे आहे. एवढ्या एका निरीक्षणाने निम्मे काम होते. बहुतेक लोक नेमके तेवढेच न करता दहा सेटिंग्ज बदलून बसतात.

तुमच्याकडे पट्टी थरथरत असणार, असा माझा अंदाज आहे. आता ‘आउटपुट डिव्हायसेस’ टॅबवर जा. इथे प्रत्येक बाहेरच्या मार्गाला स्वतःची बारीक पट्टी असते. लॅपटॉपच्या स्पीकरची पट्टी शांत आणि एचडीएमआयची नाचते आहे, असे दिसले तर कोडे सुटले. एचडीएमआय केबलमधून चित्राबरोबर आवाजही जातो. ‘मी आवाज घेऊ शकतो’ असे मॉनिटर संगणकाला कळवतो, आणि कधीकधी पाइपवायर सगळा आवाज तिकडे वळवतो. मॉनिटरला स्पीकर नसले, किंवा त्यांचा आवाज शून्यावर असला, तर गाणे वाजते पण ऐकू येत नाही. स्पीकरच्या नावासमोरच्या टिकमार्कच्या बटणावर क्लिक करा म्हणजे तो नेहमीचा मार्ग ठरेल.

एवढे करूनही एखादा प्लेअर मुकाच राहिला, तर ‘प्लेबॅक’ टॅबमध्ये परत या. प्रत्येक प्रोग्रॅमच्या नावासमोर त्याचा आवाज कुठे जातो हे लिहिलेले असते. कोणत्या प्रोग्रॅमला कुठे पाठवले होते हे ही व्यवस्था लक्षात ठेवते. त्यामुळे नेहमीचा मार्ग बदलला तरी तो एक प्लेअर जुन्याच वाटेने जात राहू शकतो. तिथे स्पीकर निवडा.

आणि यादीत स्पीकर दिसतच नसेल तर? घाबरायचे कारण नाही. ‘कॉन्फिगरेशन’ टॅब उघडा. काही साउंड कार्डांवर एका वेळी एकच प्रोफाइल चालते, एचडीएमआय किंवा ॲनालॉग. एचडीएमआय निवडलेले असले की स्पीकर यादीतून गायब होतो आणि लोकांना वाटते कार्डच गेले. ‘ॲनालॉग स्टीरिओ’ असलेले प्रोफाइल निवडले की तो परत येतो.

स्पीकरची पट्टी नाचते आणि तरीही शांतता, अशी स्थिती असेल तर शेवटचा टप्पा तपासायचा. टर्मिनल उघडून ‘अल्सामिक्सर’ ही आज्ञा इंग्रजी स्पेलिंगने, सगळी लहान अक्षरे वापरून द्या. एफ६ दाबून खरे साउंड कार्ड निवडा. उभ्या पट्ट्या दिसतील : मास्टर, हेडफोन, स्पीकर वगैरे. पट्टीच्या तळाशी चौकटीत दोनदा ‘एम’ असेल तर तो मार्ग बंद आहे. बाणाच्या कळीने तिथे जाऊन ‘एम’ दाबा, तो खुला होतो. तिथेच ‘ऑटो-म्यूट’ नावाचा रकाना असेल, तर तोही पाहा. इअरफोन लावला की स्पीकर आपोआप बंद करण्याची ती सोय आहे. जुन्या लॅपटॉपच्या जॅकमध्ये धूळ बसली किंवा पत्रा वाकला की इअरफोन काढलेला असूनही कार्डाला तो लावलेलाच वाटतो आणि स्पीकर मुका राहतो. इअरफोन दोन-चार वेळा घालून काढल्यावर आवाज आला, तर दोष जॅकमध्ये आहे हे नक्की.

आता दुसरी तक्रार, सुरूच न होणारी गाणी. इथे एक साधी चाचणी आहे. तेच गाणे व्हीएलसीमध्ये लावून पाहा. व्हीएलसी स्वतःचे डिकोडर बरोबर घेऊन येतो. मिंटमधला रिदमबॉक्स मात्र संगणकावर बसवलेल्या डिकोडरांवर अवलंबून असतो. व्हीएलसीत वाजले आणि रिदमबॉक्समध्ये नाही, तर फाइल चांगली आहे, डिकोडर कमी आहे. मिंटच्या मेनूत मल्टिमीडिया कोडेक बसवण्याचा पर्याय आहे, तो एकदा चालवा. हे आधीपासून का देत नाहीत, असे तुम्हाला वाटेल. गाणी दाबण्याच्या अनेक पद्धतींवर काही देशांत पेटंटे होती, काहींवर अजून आहेत. एमपी३चा परवाना देण्याचा कार्यक्रम जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने २०१७च्या एप्रिलमध्ये बंद केला, तेव्हा कुठे त्या एका पद्धतीपुरती वाट मोकळी झाली.

व्हीएलसीतही वाजत नसेल, तर फाइलकडे बघायचे. बऱ्याच घरांत जुन्या सीडींवरून विंडोज मीडिया प्लेअरने गाणी उतरवलेली असतात. त्या वेळी ‘कॉपी प्रोटेक्ट’ची खूण राहिली असेल, तर ती डब्ल्यूएमए फाइल कुलूपबंद असते आणि तिची किल्ली त्या जुन्या विंडोजकडे असते. लिनक्स तिथे काही करू शकत नाही. मूळ सीडी जपून ठेवली असेल तर पुन्हा उतरवून घ्या, आणि या खेपेला फ्लॅक किंवा ऑगमध्ये. हे दोन्ही प्रकार पहिल्यापासून मुक्त आहेत.

गाणे मध्येच थांबत असेल तर ते कुठे थांबते याची नोंद करा. दर वेळी त्याच सेकंदाला थांबले, तर फाइल अर्धवट आहे. पेनड्राइव्हवर गाणी उतरवताना संगणक ती आधी मेमरीत घेतो आणि मागाहून सावकाश लिहितो. खिडकीत ‘झाले’ दिसले म्हणून लगेच पेनड्राइव्ह उपटला की शेवटची काही गाणी अपुरी राहतात. दर वेळी वेगळ्याच जागी अडखळले किंवा करकरले, तर फाइलला दोष देऊ नका. पाइपवायर आवाज छोट्या तुकड्यांत कार्डाकडे देतो. सेकंदाला ४८,००० नमुने आणि एका तुकड्यात १,०२४ धरले, तर एक तुकडा साधारण २१ मिलिसेकंद पुरतो. तेवढ्यात पुढचा तुकडा तयार झाला नाही की करकर ऐकू येते. जुन्या लॅपटॉपवर ब्राउझरचे वीस टॅब उघडे असताना हे होणारच. टॅब मिटून पाहा.

विंडोजवरून आणलेली प्लेलिस्ट चालत नाही पण गाणी सुटी चालतात, असे असेल तर कारण पत्त्याचे आहे. प्लेलिस्टमध्ये गाणी नसतात, गाण्यांचे पत्ते असतात, आणि ‘डी ड्राइव्ह’ने सुरू होणारा पत्ता लिनक्सला ठाऊक नसतो. शिवाय लिनक्सच्या डिस्कवर इंग्रजी लहान आणि मोठी अक्षरे वेगळी धरली जातात. प्लेलिस्ट नव्याने बनवणे हाच सोपा मार्ग.

पुढेमागे ब्लूटूथ हेडफोन घ्याल, म्हणून तेही सांगतो. गाणे अचानक टेलिफोनवरून ऐकल्यासारखे झाले, तर बहुधा कोणत्या तरी प्रोग्रॅमने हेडफोनचा माइक सुरू केलेला असतो. नेहमीच्या ब्लूटूथवर उत्तम स्टीरिओ आणि माइक एकत्र चालत नाहीत. ‘कॉन्फिगरेशन’मध्ये ए२डीपी प्रोफाइल निवडा.

आता तुमच्या तीन सल्लागारांकडे वळू. ‘ऑडिओ ग्रुप’चा सल्ला एके काळी बरोबर होता. आता संगणकासमोर बसून लॉगइन केलेल्या माणसाला साउंड कार्डाची परवानगी आपोआप मिळते. ग्रुपमध्ये नाव घातले तर उलट दुसऱ्या वापरकर्त्याच्या वेळीही तुमचे प्रोग्रॅम कार्ड धरून बसू शकतात. इंटरनेटवरचा कोणताही सल्ला वापरण्याआधी त्याची तारीख पाहा. पाइपवायर फेडोरात २०२१ साली, उबुंटूत २०२२ साली आणि मिंटमध्ये २०२४ साली नेहमीचा झाला. त्याआधीचे ‘पल्सऑडिओ काढून टाका’सारखे उपाय आज केले तर चालू असलेलेही बंद पडेल. ‘सुडो’ लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, प्लेअर चालवणेही टाळा. पाइपवायर तुमच्या नावाने चालतो, प्रशासकाच्या नावाने नाही, म्हणून तसे केल्यावर आवाज उलट हरवतो. व्हीएलसी तर तसा चालायलाच नकार देतो.

ड्रायव्हर नसतो, हेही खरे नाही. लिनक्समध्ये ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतात, आणि अल्सा तर २००३च्या २.६ आवृत्तीपासून कर्नलचा भाग आहे. काही नव्या इंटेल लॅपटॉपांना वेगळे फर्मवेअर लागते. ते नसले की यादीत फक्त ‘डमी आउटपुट’ दिसते. तुमचा लॅपटॉप जुना आहे आणि मॉनिटर जोडेपर्यंत वाजत होता, तेव्हा तो प्रश्नच येत नाही.

आणि सगळे पुसण्याबद्दल : भाच्याने ज्या पेनड्राइव्हवरून मिंट बसवले, तो त्याच्याकडे असेल. त्यावरून संगणक सुरू केला की काहीही न पुसता तात्पुरते मिंट चालते. मॉनिटरची केबल काढून तिथे आवाजाची चाचणी घ्या. वाजले, तर स्पीकर, चिप आणि ड्रायव्हर ठणठणीत आहेत आणि दोष तुमच्या सेटिंग्जमध्येच आहे, ज्यासाठी वरचे टॅब पुरेत. तिथेही स्पीकर आणि इअरफोन दोन्ही मुके राहिले, तर मात्र लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे न्या.