चौसष्ट घरे, चौसष्ट संघ

बुद्धिबळाच्या शोधाची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. खेळावर प्रसन्न झालेल्या राजाने त्याच्या कर्त्याला काय हवे ते मागावयास सांगितले. तो म्हणाला, "महाराज, पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा ठेवा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत चौसष्टावे घर भरून द्या." राजा हसला. पुढे कोठारे रिकामी झाली, पण पट काही भरेना. शेवटच्या एका घरातच ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०८ दाणे ठेवावे लागतात, हे राजाच्या ध्यानात आले नव्हते.

नेमकी हीच संख्या अमेरिकेत दरवर्षी मार्च महिन्यात पुन्हा अवतरते. तेथे ती गव्हाच्या दाण्यांची नसते, तर बास्केटबॉलच्या एका स्पर्धेचा निकाल किती निरनिराळ्या प्रकारे लागू शकतो, त्याची असते. लक्षावधी माणसे त्यांपैकी एक प्रकार निवडतात आणि 'असेच होणार' म्हणून कागदावर लिहून देतात. या उद्योगाकडे केवळ खेळाचे वेड म्हणून पाहता येईल. पण 'अंदाज' या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यावयाचा असेल, तर याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

स्पर्धा आणि तिचा तक्ता

बास्केटबॉल हा खेळ १८९१ च्या डिसेंबरात जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे शोधून काढला. अमेरिकन महाविद्यालयांची राष्ट्रीय स्पर्धा १९३९ मध्ये सुरू झाली. त्या वर्षी अवघे ८ संघ होते आणि ओरेगनने ओहायो स्टेटला ४६–३३ असे हरवून पहिले विजेतेपद मिळविले. पुढे संघ वाढत गेले. १९८५ मध्ये ते ६४ झाले आणि २०११ मध्ये ६८. मात्र प्राथमिक चार लढती वगळून मुख्य तक्ता ६४ संघांचाच धरण्याची प्रथा पडली.

स्पर्धा बाद पद्धतीची आहे. हरला तो घरी गेला, दुसरी संधी नाही. प्रत्येक सामन्यात एक संघ बाद होतो आणि विजेता ठरण्यासाठी ६३ संघ बाद व्हावे लागतात; म्हणून सामने ६३. प्रत्येक सामन्याचे निकाल दोन. तेव्हा दोनाला दोनाने असे त्रेसष्ट वेळा गुणीत गेले की बुद्धिबळाच्या चौसष्टाव्या घरातली ती संख्या येते. जगातील ८०० कोटी माणसांनी दर सेकंदाला प्रत्येकी एक निराळा तक्ता भरावयाचा ठरविले आणि रात्रंदिवस तेच काम केले, तरी सारे तक्ते भरून व्हावयास ३६ वर्षांहून अधिक काळ लागेल.

रविवारी संघांची निवड जाहीर होते आणि गुरुवारी मुख्य सामने सुरू होतात. तेवढ्या अवधीत कचेऱ्यांतून, वसतिगृहांतून, घराघरांतून तक्ते भरले जातात. संपूर्ण अचूक तक्ता देणाऱ्यास २०१४ मध्ये १०० कोटी डॉलरांचे बक्षीस जाहीर झाले होते आणि त्यामागे वॉरन बफे यांच्यासारखा हिशेबी गृहस्थ उभा होता. बक्षीस कोणालाही द्यावे लागले नाही. २०१९ मध्ये एका प्रेक्षकाचे पहिले ४९ सामने ओळीने बरोबर आले, पन्नासावा चुकला.

माहितीने किती फरक पडतो?

येथे कोणी म्हणेल की ही तुलना बरोबर नाही. आपण काही छापा-काटा करून तक्ता भरत नाही. संघांचे बलाबल आपल्याला ठाऊक असते. हा आक्षेप रास्त आहे. ६४ संघांचे १६-१६ चे चार गट असतात आणि प्रत्येक गटात निवड समिती १ ते १६ असे मानांकन देते. पहिल्या फेरीत पहिल्या मानांकनाची गाठ सोळाव्याशी, दुसऱ्याची पंधराव्याशी, अशी पडते. १९८५ ते २०२५ या काळात, २०२० ची रद्द झालेली स्पर्धा वगळता, पहिल्या आणि सोळाव्या मानांकनाचे १६० सामने झाले. त्यांपैकी फक्त २ सोळाव्याने जिंकले. दुसरा विरुद्ध पंधरावा अशा १६० सामन्यांत पंधराव्याने ११ जिंकले. पाचव्याला मात्र बारावा साधारणपणे तीनात एकदा हरवितो आणि आठवा विरुद्ध नववा हा सामना जवळजवळ बरोबरीचा असतो.

समजा, एखाद्या जाणकाराचा प्रत्येक सामन्याचा अंदाज शंभरात ७० वेळा बरोबर येतो. तरीही ६३ च्या ६३ बरोबर येण्याची त्याची शक्यता सुमारे ५७० कोटींत एक इतकीच भरते. त्याने अभ्यास वाढवून ७० चे ७५ केले, तर ती सुमारे साडेसात कोटींत एक होते. पाच टक्के ज्ञान वाढले आणि शक्यता पंचाहत्तर पटींहून अधिक वाढली! ज्ञान व्यर्थ नाही, हे यावरून दिसते. पण एवढे ज्ञान मिळवूनही अचूक तक्ता हाती लागत नाही, हेही त्याच हिशेबात दिसते.

एक तरी पडणार, पण कोणता?

तक्ता भरताना सर्वांत मोठा मोह येथे होतो. पाचवे मानांकन असलेले संघ चार. प्रत्येकाची पहिली फेरी जिंकण्याची शक्यता ६५ टक्के धरली, तर चौघेही जिंकण्याची शक्यता १८ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे चारांपैकी किमान एक हरेल, असे आपण बऱ्याच खात्रीने म्हणू शकतो. मग माणूस विचार करतो, 'एक हरणारच आहे ना? मग मी एक निवडतो.' आणि तो फसतो. कारण त्याने निवडलेला विशिष्ट बारावा संघ जिंकण्याची शक्यता अजूनही ३५ टक्केच आहे.

'काहीतरी अनपेक्षित घडेल' हे विधान बहुधा खरे असते. 'अमुक अनपेक्षित घडेल' हे बहुधा खोटे ठरते. ही दोन विधाने ऐकावयास सारखी वाटतात, पण त्यांच्यातील अंतर फार मोठे आहे. भविष्य सांगणारे अनेक लोक पहिल्या विधानाच्या भांडवलावर दुसरे विधान विकतात.

विजेत्याचीही तीच गत आहे. अगदी बलाढ्य संघ घ्या. त्याला ओळीने सहा सामने जिंकावे लागतात. प्रतिस्पर्धी उत्तरोत्तर तगडे होत जाणार म्हणून त्याच्या शक्यता अनुक्रमे ९९, ९०, ८०, ७५, ६५ आणि ६० टक्के धरू. प्रत्येक सामन्यात पारडे त्याचेच जड आहे. तरी या सहांचा गुणाकार जेमतेम २१ टक्के होतो. जो जिंकण्याचा संभव सर्वांत अधिक, तोच न जिंकण्याचा संभव मात्र पाचात चार!

म्हणून २०२३ मध्ये उपांत्य फेरीत चौथ्या मानांकनाचा कनेटिकट, पाचव्या मानांकनाचे सॅन डिएगो स्टेट व मायामी आणि नवव्या मानांकनाचा फ्लोरिडा अटलांटिक हे संघ दिसले. पहिल्या तीन मानांकनांपैकी एकही नाही. दोनच वर्षांनी, २०२५ मध्ये, चारही गटांतील पहिल्या मानांकनाचेच संघ, म्हणजे फ्लोरिडा, ह्यूस्टन, ड्यूक आणि ऑबर्न, उपांत्य फेरीत आले. असे याआधी फक्त २००८ मध्ये घडले होते. २०२३ मध्ये निवड समिती अडाणी होती आणि २०२५ मध्ये शहाणी झाली, असा याचा अर्थ कोणी लावू नये.

१६ मार्च २०१८

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. २०१८ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाचा संघ सर्व ६४ संघांत अग्रमानांकित होता. मोसमात ३१ विजय आणि केवळ २ पराभव. त्यांची गाठ पडली मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेच्या सोळाव्या मानांकित संघाशी. योगायोग असा, की ही शाखा खेळाच्या क्षेत्रात ओळखली जाते ती मुख्यतः तिच्या बुद्धिबळ संघासाठी. पुरुषांच्या स्पर्धेत तोवर सोळाव्या मानांकनाचे १३५ संघ पहिल्या मानांकनाशी खेळले होते आणि १३५ ही हरले होते. महिलांच्या स्पर्धेत मात्र १९९८ मध्ये हार्वर्डने स्टॅनफर्डला ७१–६७ असे हरवून हा चमत्कार आधीच करून दाखविला होता. तो फारच थोड्यांच्या स्मरणात होता.

मध्यंतराला गुणफलक २१–२१ असा होता. सामना संपला तेव्हा बाल्टिमोर काउंटी ७४, व्हर्जिनिया ५४. व्हर्जिनियाच्या खेळाडूंनी लांबून, म्हणजे तीन गुणांच्या रेषेबाहेरून, २२ वेळा चेंडू टाकला. ४ वेळाच तो आत गेला. प्रतिस्पर्ध्यांचे २४ पैकी १२ आत गेले. दुसऱ्या दिवशी सर्वत्र एकच सूर होता: सारे अंदाज खोटे ठरले.

खरेच का? ज्याने 'व्हर्जिनिया जिंकणारच' असे म्हटले तो निःसंशय खोटा ठरला. पण ज्याने 'व्हर्जिनियाची शक्यता ९९ टक्के' असे म्हटले होते, त्याचे काय? ९९ टक्के याचा अर्थच असा, की अशा शंभर सामन्यांत एकदा उलटे घडावे. पाच वर्षांनी, २०२३ मध्ये, फेअरली डिकिन्सन या सोळाव्या मानांकित संघाने पर्ड्यूला ६३–५८ असे हरविले. १६० सामन्यांत २ म्हणजे सव्वा टक्का. तेव्हा त्या दोन पराभवांनी ९९ टक्क्यांचा अंदाज खोटा पडला नाही. उलट ते दोन पराभव जमेस धरूनच तो खरा ठरतो. एकट्या सामन्यावरून असा अंदाज पारखता येत नाही, अनेकांवरून येतो.

तो कसा पारखावा, याची एक सोपी रीत ग्लेन ब्रायर याने १९५० मध्ये हवामानाच्या अंदाजांसाठी सुचविली. तुम्ही ७० टक्के म्हणालात आणि घटना घडली, तर तुमची चूक ०.३; तिचा वर्ग ०.०९. घडली नाही, तर चूक ०.७, तिचा वर्ग ०.४९. अशा सर्व वर्गांची सरासरी जितकी कमी, तितका अंदाजकर्ता चांगला. प्रत्येक वेळी '५० टक्के' म्हणून अंग चोरणाऱ्याची सरासरी कायम ०.२५ राहते. आणि ९९ टक्के म्हणून तोंडघशी पडणाऱ्याला एका फटक्यात ०.९८ चा दंड बसतो. भित्रेपणा आणि फाजील आत्मविश्वास या दोहोंना येथे शिक्षा आहे; माफी आहे ती प्रामाणिकपणाला.

जिंकल्यावरचा शहाणपणा

ही कथा येथे संपत नाही. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, तोच व्हर्जिनिया संघ विजेता झाला. अपमानातून धडा घेतलेला संघ जिंकणारच होता, असे आता सहज लिहिता येते आणि तसे पुष्कळांनी लिहिलेही. पण ते सामने एकवार पाहा. पहिल्या फेरीत पुन्हा सोळाव्या मानांकनाचा संघ समोर होता आणि पूर्वार्धात व्हर्जिनिया १४ गुणांनी मागे पडला होता. पुढे पर्ड्यूविरुद्ध शेवटच्या क्षणी बरोबरी साधून त्यांनी जादा वेळेत ८०–७५ असा विजय मिळविला. उपांत्य सामन्यात ऑबर्नविरुद्ध ०.६ सेकंद उरले असता काइल गाय याला तीन मुक्त फेक मिळाले. तिन्ही आत गेले आणि सामना ६३–६२ असा जिंकला. अंतिम सामनाही जादा वेळेत गेला आणि टेक्सस टेकवर ८५–७७ असा विजय मिळाला. त्या तीनांपैकी दोन फेक जरी कडीला लागून बाहेर आले असते, तर धडा घेतलेल्या त्याच संघाबद्दल 'यांना दडपण सोसत नाही' असे लिहिले गेले असते, आणि तेही तितक्याच ठामपणे.

माझ्या मते, कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी या तक्त्यापासून शिकावयाचे ते हेच. आपण इतिहास वाचतो तो भरलेल्या तक्त्यासारखा. अमुक राज्य पडले, अमुक चळवळ यशस्वी झाली, अमुक नेता उदयास आला. आणि मग कारणांची यादी अशी मांडतो, की दुसरे काही घडणे शक्यच नव्हते. पण त्या दिवशी त्या माणसांपुढे तक्ता कोराच होता. त्यांनी पराभवाचा संभव ओळखून पाऊल टाकले, यातच त्यांच्या धैर्याचा अर्थ आहे. निकाल आधीच ठरलेला होता असे म्हटले, की जिंकलेल्याचे श्रेय आणि हरलेल्याची झुंज या दोहोंवर आपण अन्याय करतो.

अंदाज करू नये असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. अंदाजावाचून शेतकरी पेरणी करू शकत नाही, वैद्य औषध देऊ शकत नाही. मागणे एवढेच, की अंदाज सांगताना त्यातील खात्री किती तेही सांगावे. आणि निकाल लागल्यावर, 'मला हे आधीच ठाऊक होते' असे म्हणण्यापूर्वी, आदल्या रात्री आपण कागदावर काय लिहिले होते ते एकदा उघडून पाहावे.