गाडीतून जागा दिसली, पण मालक कोण? कोणतं टूल कशासाठी

अमेरिकन व्हिडिओ बघून बरेच जण विचारतात, "सर, डीलमशीनसारखं ॲप आपल्याकडे चालेल का?" तिकडे गाडीतून एखादं बंद, पडीक घर दिसलं की मॅपवर त्या घरावर बोट ठेवायचं. मालकाचं नाव-पत्ता समोर येतो, तिथूनच त्याला पोस्टकार्ड पाठवता येतं. प्रॉपस्ट्रीममध्येही ही सोय आहे, पण ते जास्त उपयोगी पडतं घरी बसून याद्या काढायला. दोन्ही चालतात, कारण तिकडे काउंटीच्या मालमत्ता नोंदी खुल्या असतात आणि त्यात मालकाचा टपालाचा पत्ता असतो. आपल्या सातबाऱ्यावर नाव मिळतं, पत्ता नाही. तेव्हा त्या ॲपवर पैसे घालवू नका.

महाराष्ट्रात हे काम सरकारी वेबसाइट जोडून होतं. रस्त्यावर फक्त गूगल मॅप्स: गाडी बाजूला घ्या, पिन टाका, फोटो काढा. बाकी सगळं घरी. महाभूनकाशावर गाव निवडून गट नंबर शोधा. इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो. शेजारचा गट पकडलात तर पुढचं सगळंच चुकलं, म्हणून रस्ता, ओढा, वळण बघून दोनदा जुळवा. मग महाभूलेखवर सातबारा, शहरात असेल तर मालमत्ता पत्रक. फुकटचा उतारा फक्त माहितीसाठी. कामाला लागणारा डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो.

नाव बघून थांबू नका. मी थांबलो होतो! रस्त्याला लागून मस्त जागा, ओळखीतला एजंट, आणि मी ५१,००० टोकन देऊन मोकळा. नंतर नीट वाचलं तर 'भोगवटादार वर्ग-२'. म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विक्री नाही. ते टोकन अजून परत आलेलं नाही. म्हणून आधी हा वर्ग बघा, मग 'इतर अधिकार' रकाना: बँकेचा बोजा, कूळ, कोर्टाची नोंद तिथेच दिसते. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गट नंबर टाकून आधीचे दस्तही तपासा. आणि जमीन शेतीची असेल, तुम्ही शेतकरी नसाल, तर ती सहसा परवानगीशिवाय घेताच येत नाही.

आता मालकाचा फोन नंबर? त्याला ॲप नाही. सातबाऱ्यावरचं नाव घेऊन त्या गावातल्या चहाच्या टपरीवर जा आणि विचारा.