व्यायामाचे यंत्र घरी आणताना

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पंचक्रोशीतील एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. वय ६२, दहा वर्षांपासून मधुमेह. पावसामुळे सकाळचे फिरणे बंद पडले म्हणून मुलाने त्यांच्यासाठी ट्रेडमिल घेऊन दिली होती. गुरुजी म्हणाले, "डॉक्टर, हे मशीन मला मानवत नाही. दहा मिनिटं चाललो की छातीत भरल्यासारखं होतं. थांबलो की जातं. गॅसच असणार. हे परत देऊन सायकल आणू का?"

मी विचारले, "आणि घाटाच्या पायऱ्या चढताना?"

गुरुजी जरा थांबले. "हल्ली मध्ये एकदा उभं राहावं लागतं."

साधा ईसीजी काढला, तो ठीक होता. तरीही त्यांना त्याच दिवशी मिरजेला हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले. हृदयाच्या एका रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला. वेळेवर उपचार झाले आणि आज गुरुजी उत्तम आहेत. मशीन वाईट नव्हते. ज्या तक्रारीला ते मशीनचा दोष समजत होते, ती हृदयाची हाक होती. विश्रांतीत काढलेला ईसीजी चांगला आला तरी श्रमाच्या वेळी हृदयाला रक्त कमी पडू शकते. म्हणून तर डॉक्टर रुग्णाला ट्रेडमिलवर चालवून तपासणी करतात. त्यासाठी आजही वापरली जाणारी पद्धत अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ च्या सुमारास रूढ केली.

तेव्हा वाचकहो, व्यायामाचे यंत्र निवडताना पहिला प्रश्न दुकानदाराला नव्हे, स्वतःच्या शरीराला विचारायचा असतो.

आधी तपासणी कोणी करावी?

मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेले, तंबाखू-सिगारेटचे व्यसन असलेले, आईवडील वा भावंडांना कमी वयात हृदयविकार झालेले आणि चाळिशीनंतर प्रथमच व्यायाम सुरू करणारे. चालताना किंवा जिना चढताना छातीत दडपण, नेहमीपेक्षा जास्त धाप, चक्कर, डावा हात, जबडा किंवा पाठीत कळ येत असेल तर तपासणी होईपर्यंत यंत्रावर चढूच नये. मधुमेही व्यक्तीला कधी कधी छातीत दुखतही नाही. नुसती धाप लागते किंवा दरदरून घाम येतो.

यंत्राची गरज आहे का?

१९५३ साली लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसचे चालक आणि वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा जिना चढउतार करणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी आढळला. त्या वाहकांकडे कसलेही यंत्र नव्हते, रोजची हालचाल होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनेनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, झपझप चालणे. रस्ता चांगला आणि हवा कोरडी असेल तर यासाठी एक पैसाही लागत नाही. परंतु आपल्या भागात पावसाळ्यात निसरडे रस्ते, पुढे ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ, शिवाय अनेक भगिनींना घर सोडून फिरायला जाणे जमत नाही. अशांना घरातील यंत्र खरोखर उपयोगी पडते. मात्र आधी महिनाभर रोज अर्धा तास चालून पाहावे. तेवढे जमले तरच यंत्र घ्यावे. नाहीतर त्यावर टॉवेल वाळत पडतात.

कोणते यंत्र कोणाला?

*एक्सरसाइज सायकल :* गुडघेदुखी, जास्त वजन, उतारवय असलेल्यांसाठी सर्वांत सोयीची. शरीराचा भार सीटवर राहतो, पडण्याची भीती कमी. सीटची उंची महत्त्वाची : पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. सीट फार खाली ठेवल्यास गुडघा जास्त दुमडतो आणि दुखतो. कंबरदुखी असल्यास पाठीला टेकू असलेली सायकल घ्यावी. चुंबकीय रोध असलेली सायकल आवाज कमी करते आणि झिजतही कमी.

*ट्रेडमिल :* चालणे सर्वांना येते म्हणून ही सोपी वाटते. पण तोल जाणारे, पायांना बधिरपणा असलेले मधुमेही आणि गुडघ्याची झीज झालेले यांनी जपून. अनवाणी चालू नये. मोटर घेताना 'पीक' नव्हे, 'कंटिन्युअस' अश्वशक्ती विचारावी. पट्टा निदान चार फूट लांब आणि सव्वा ते दीड फूट रुंद असावा. यंत्राची वजनक्षमता आपल्या वजनापेक्षा २०-२५ किलो जास्त हवी. आपत्कालीन थांबण्याची दोरी कपड्याला अडकवूनच चालावे. बिनमोटरची ट्रेडमिल स्वस्त असते, पण पट्टा पायाने ढकलावा लागतो व चढ कायमचा असतो. वृद्धांनी आणि हृदयरुग्णांनी ती टाळावी.

*क्रॉस ट्रेनर :* हातपाय दोन्हींना व्यायाम, सांध्यांना धक्का कमी. परंतु जागा जास्त लागते आणि तोल सांभाळावा लागतो.

*पोट हलवणारे पट्टे :* यात काम यंत्र करते, आपण नाही. चरबी त्याने जात नाही.

आपल्या गावाचा विचार

२००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णा-पंचगंगेच्या पाण्याने काय केले ते वाडी, कुरुंदवाड आणि शिरोळकरांना सांगायला नको. ट्रेडमिल सहज ५० किलोच्या वर भरते; पाणी वाढू लागल्यावर ती माळ्यावर कोण नेणार? साधी सायकल दोघे जण उचलू शकतात आणि तिला वीजही लागत नाही. ट्रेडमिलवर असताना वीज गेली तर पट्टा एकदम थांबतो, म्हणून हात दांडीजवळ असावा. तिच्यासाठी अर्थिंग असलेला स्वतंत्र प्लगही हवा.

घरात लहान मुले असतील तर अधिक सावध राहावे. चालत्या पट्ट्यात बोटे सापडून खोल जखमा होतात. २०२१ साली अमेरिकेत एका कंपनीने बालकाच्या मृत्यूनंतर आपल्या ट्रेडमिल परत मागवल्या होत्या. काम झाले की प्लग काढून किल्ली वर ठेवावी.

व्यायाम किती आणि कसा?

पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे पुरेत. दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत. सुरुवातीची आणि शेवटची पाच मिनिटे सावकाश. एकदम थांबल्यास चक्कर येते. श्रम योग्य आहेत का, याची सोपी खूण : बोलता यावे, पण गाता येऊ नये. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गटातील गोळ्या घेणाऱ्यांची नाडी फारशी वाढत नाही. त्यांनी यंत्रावरच्या नाडीच्या आकड्यापेक्षा ही खूण पाळावी. इन्शुलिन वा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये आणि जवळ साखर ठेवावी.

पडद्यावरचा कॅलरीचा आकडा अंदाजी असतो. ६५ किलो वजनाच्या माणसाचे अर्धा तास चालण्याने सुमारे शंभर ते सव्वाशे कॅलरी खर्च होतात. वाडीचे दोन-तीन पेढे तेवढे सहज परत देतात. त्यामुळे यंत्र आले म्हणून बासुंदीची वाटी मोठी करू नये.

व्यायाम करताना छातीत दडपण आले तर लगेच थांबून बसावे. पाच मिनिटांत गेले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. न गेले तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. 'गॅस असेल' हा निष्कर्ष आपण काढायचा नाही.

गुरुजींनी ट्रेडमिल परत दिली नाही. तज्ज्ञांनी परवानगी दिल्यावर ते तिच्यावरच चालू लागले, हळू वेगाने, घरातले कोणी जवळ असताना. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "डॉक्टर, आता घाटाच्या पायऱ्या न थांबता चढतो." कोणत्याही यंत्राची खरी परीक्षा हीच.