तेलीबांध्याहून पुढची वाट

प्रास्ताविक

मोबाइलवर बोट टेकवले की संदेश क्षणार्धात दूरच्या गावी पोहोचतो. हा अनुभव इतका सवयीचा झाला आहे की त्यामागे काय घडते, हा प्रश्नही सहसा मनात येत नाही. संदेशाला वाट दाखवणाऱ्या यंत्राला राउटर म्हणतात. राउटर कोणत्या आधारावर वाट निवडतो, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे. पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला एखादा लहानसा मार्गतक्ता वाचता येईल आणि त्यातील कोणती नोंद लागू पडते हे सकारण सांगता येईल.

मूळ पाठ

छत्तीसगडची राजधानी रायपूर. या शहराच्या पूर्व भागात तेलीबांधा नावाचा जुना तलाव आहे. मुंबईहून कोलकात्याकडे जाणारा जुना महामार्ग, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेला जी. ई. रोड, या तलावाच्या कडेने जातो. पश्चिमेची वाट धरली तर दुर्ग, राजनांदगाव आणि पुढे नागपूर लागते; पूर्वेला आरंग आणि त्यापलीकडे ओडिशा. याच तेलीबांध्यात पूर्वी छोट्या रेल्वेचे स्थानक होते. अवघ्या अडीच फूट रुंदीची ही लाइन १९०० साली सुरू झाली. रायपूरहून निघालेली गाडी तेलीबांध्यावरून अभनपूरला जाई. तेथे लाइनीला दोन फाटे फुटत. एक राजिमला जाई, दुसरा धमतरीला.

आता तेलीबांध्याच्या स्थानकावर उभे राहून विचार करा. उतारू राजिमचा असो की धमतरीचा, त्याला पाठवायचे एकाच दिशेला. फाट्याची चिंता अभनपूरने करायची. तेलीबांध्याला पुढचा सगळा प्रदेश माहीत असण्याची गरज नव्हती. पुढचे एक पाऊल ठाऊक असले की पुरे. ही गोष्ट साधी आहे, तथापि इंटरनेटच्या रचनेचे निम्मे गुपित तिच्यात आहे.

समजा, तेलीबांध्यातील एका मराठी कुटुंबातली मुलगी परीक्षेचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी, रात्री उशिरा, आपले छायाचित्र मुंबईतील एका संगणकाकडे पाठवीत आहे. मुदत टळली तर वर्ष वाया जाणार. तिचे छायाचित्र अखंड जात नाही. त्याचे सुमारे दीड-दीड हजार बाइटचे तुकडे होतात. या तुकड्याला पॅकेट म्हणतात. छायाचित्र दीडशे किलोबाइटचे असेल, तर शंभराहून थोडी अधिक पॅकेट्स होतील. प्रत्येक पॅकेटावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. कोणत्या शहरातून जायचे हे मात्र सहसा कोणत्याही पॅकेटावर लिहिलेले नसते. वाटेतील प्रत्येक राउटर पॅकेट हाती घेतो, पत्ता वाचतो, स्वतःजवळचा तक्ता पाहतो आणि त्याला पुढच्या राउटरकडे सोपवतो. एवढे झाले की त्याचे काम संपले.

या तक्त्यात जगातील प्रत्येक संगणकाची नोंद ठेवायची म्हटले, तर तो कधीच पुरा होणार नाही. ही अडचण टपाल खात्यालाही आली होती. सारख्या नावाची गावे, निरनिराळ्या भाषा आणि लिपी यांमुळे पत्रे भलतीकडे जात. डाक-तार खात्यातील वरिष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी त्यावर सहा आकडी पिन कोडची योजना आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती अमलात आली. वेलणकर संस्कृत कवीही होते. मोजक्या अक्षरांत पुष्कळ अर्थ बसवण्याची त्यांना सवय होती, असे म्हणण्याचा मोह होतो. पिन कोडचा पहिला आकडा ४ असेल, तर पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश किंवा छत्तीसगड या भागातले. पहिले तीन आकडे ४९२ असतील, तर ते रायपूरचे. दूरच्या गावी पत्रे निवडणाऱ्याला आरंभीचे आकडे पुरतात. शेवटचे आकडे रायपुरात पोहोचल्यावर कामास येतात.

इंटरनेटवरील पत्ताही असाच उतरंडीचा आहे. अजूनही मोठ्या प्रमाणावर वापरात असलेल्या पद्धतीत तो चार संख्यांचा असतो आणि प्रत्येक संख्या ० ते २५५ यांच्या दरम्यान असते, जसे २०३.०.११३.२५. राउटरच्या तक्त्यात पूर्ण पत्त्यांऐवजी पत्त्यांच्या आरंभीचे भाग नोंदलेले असतात. एका तक्त्यात पुढील तीन नोंदी आहेत असे माना: ‘२०३.० ने सुरू होणारे सर्व पत्ते नागपूरकडे’, ‘२०३.०.११३ ने सुरू होणारे पत्ते कोलकात्याकडे’ आणि ‘बाकी सर्व बिलासपूरकडे’. वरील पत्ता तिन्ही नोंदींत बसतो. मग कोणती पाळायची? येथे राउटरचा एक अढळ नियम आहे: पत्त्याचा अधिकांत अधिक लांब भाग जिच्याशी जुळतो, ती नोंद खरी. म्हणून हे पॅकेट कोलकात्याकडे जाईल. (प्रत्यक्षात यंत्र हे पत्ते शून्य आणि एक यांच्या ३२ अंकांत वाचते आणि तुलनाही त्याच अंकांची करते. आपल्या दशमान संख्या केवळ सोयीसाठी आहेत.) ‘बाकी सर्व’ ही नोंद सर्वांत आखूड होय, दुसरे काहीच जुळले नाही, तरच तिचा उपयोग होतो. घरातल्या लहान राउटरजवळ बहुधा एवढीच शहाणीव असते: घरचे असेल ते घरात, उरलेले सगळे सेवा देणाऱ्या कंपनीकडे.

पाठगत प्रश्न: वरील तक्त्यानुसार २०३.०.७.९ आणि १९८.५१.१००.४ या पत्त्यांची पॅकेट्स कोठे जातील?

हा तक्ता भरतो कोण, हा पुढचा प्रश्न. लहान जाळ्यात माणूस हाताने भरतो. मोठ्या जाळ्यात राउटर एकमेकांशी बोलून भरतात. जुन्या पद्धतीत प्रत्येक राउटर शेजाऱ्याला एवढेच सांगे, ‘अमुक ठिकाण माझ्यापासून इतक्या टप्प्यांवर आहे.’ ही ऐकीव माहिती वाईट बातमीच्या बाबतीत फार हळू पसरे. म्हणून मोठ्या जाळ्यांत दुसरी पद्धत रूढ झाली. तीत प्रत्येक राउटर आपल्याला जोडलेल्या तारांची स्थिती सर्वांना कळवतो. त्यावरून प्रत्येकाजवळ जाळ्याचा संपूर्ण नकाशा तयार होतो आणि जो तो आपापली जवळची वाट मोजून काढतो. मोजण्याची ही रीत डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९५६ साली शोधली. अ‍ॅमस्टरडॅमच्या एका कॅफेत, वाग्दत्त वधूसमवेत कॉफी घेताना, सुमारे वीस मिनिटांत ती सुचल्याचे त्यांनी पुढे सांगितले होते. कागद-पेन्सिलीचाही आधार त्यांनी घेतला नव्हता.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. रायपूर ते नागपूर या तारेचा ‘खर्च’ १० आणि नागपूर ते मुंबईचा २०. रायपूर ते कोलकाता १५ आणि कोलकाता ते मुंबई ४०. नागपूरमार्गे बेरीज ३० होते, कोलकात्यामार्गे ५५. अर्थातच पॅकेट नागपूरमार्गे जाईल. पण रस्त्याच्या खोदकामात रायपूर-नागपूर तार तुटली तर? शेजारी राउटर एकमेकांना साधारणतः दर दहा सेकंदांनी ‘मी आहे’ असा निरोप देतात. चाळीस सेकंद निरोप आला नाही, की ती वाट बंद झाली असे समजून नवी गणना होते. तारच निखळल्याचे यंत्राला तत्काळ कळले, तर एवढे थांबावेही लागत नाही. मधल्या काळात त्या मुलीची काही पॅकेट्स हरवतील. राउटर त्यांचा शोध घेत नाही. मुंबईच्या संगणकाकडून पोच आली नाही, की तिचाच मोबाइल ती पुन्हा पाठवतो आणि या वेळी ती कोलकात्यावरून वळसा घालून जातात. वाट लांबली, तरी अर्ज मुदतीत पोहोचतो.

गणना सर्वत्र एकाच क्षणी पुरी होत नाही. तेवढ्या वेळात एक राउटर दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि दुसरा पहिल्याकडे. कचेरीत या खिडकीहून त्या खिडकीकडे पाठवल्या जाणाऱ्या माणसाची गत पॅकेटाची होऊ शकते. त्यावर उपाय असा, की निघतानाच पॅकेटावर एक संख्या, बहुधा ६४, लिहिलेली असते. प्रत्येक राउटर ती एकने कमी करतो आणि शून्य होताच पॅकेट टाकून देतो. माणसाला कचेरीत अशी सोय नाही.

येथवर जाळे एकाच संस्थेचे होते. दोन कंपन्यांच्या सीमेवर मात्र जवळची वाट हाच निकष राहत नाही; कोणाशी करार आहे, कोणती वाट स्वस्त पडते, हेही पाहिले जाते. त्यामुळे एकेकाळी एका भारतीय कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला पाठवलेला संदेश, दोघे एकाच शहरात असूनही, परदेशात जाऊन परत येत असे. कंपन्यांना देशातच पॅकेट्सची अदलाबदल करता यावी म्हणून २००३ साली ‘निक्सी’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या केंद्रांत मुंबईचे केंद्र होते.

३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातील दोन मोठ्या केबल तुटल्या. मुंबईहून युरोपकडे जाणारी पुष्कळ वाहतूक त्यांवरून होत असे. तक्ते बदलले आणि पॅकेट्स उलट दिशेने, चेन्नई-सिंगापूरवरून पूर्वेकडे वळवली गेली. तरीही कित्येक दिवस इंटरनेट रखडत चालले, कारण राउटर दुसरी वाट दाखवू शकतो, ती रुंद करू शकत नाही.

त्यानंतर महिनाभरही झाला नव्हता, तोच दुसरी घटना घडली. २४ फेब्रुवारीला पाकिस्तानच्या दूरसंचार कंपनीने आपल्या देशात यूट्यूब बंद ठेवण्यासाठी त्याच्या काही पत्त्यांची खोटी नोंद केली. ती चुकून देशाबाहेर पसरली. यूट्यूबची स्वतःची नोंद पत्त्याच्या पहिल्या २२ अंकांची होती, ही २४ अंकांची. लांब जुळणी खरी, या नियमाने जगभरच्या राउटरांनी खोटी नोंद मानली आणि सुमारे दोन तास यूट्यूबची वाहतूक पाकिस्तानकडे वाहत गेली. यूट्यूबने प्रत्युत्तरादाखल प्रथम २४ आणि मग २५ अंकांच्या नोंदी जाहीर केल्या. नोंद करणारा त्या पत्त्याचा खरा धनी आहे की नाही, हे पडताळण्याच्या पद्धती त्यानंतर हळूहळू वापरात आल्या. मात्र त्या अजूनही सर्वांनी स्वीकारलेल्या नाहीत.

स्वाध्याय

(१) तेलीबांधा आणि अभनपूर या स्थानकांच्या उदाहरणातून राउटरच्या तक्त्याविषयी काय समजते, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.
(२) पाठातील उदाहरणात कोलकाता-मुंबई तारेचा खर्च ४० ऐवजी १० मानला, तर रायपूरहून मुंबईला जाणारे पॅकेट कोणत्या मार्गाने जाईल? बेरीज करून दाखवा.
(३) यूट्यूबने २५ अंकांच्या नोंदी का केल्या असाव्यात? कारण द्या.
(४) तुमच्या घरी आलेल्या एखाद्या पत्रावरील पिन कोड पाहा आणि त्याच्या पहिल्या तीन आकड्यांवरून काय कळते ते लिहा.