बोटांवर मोजू द्या

प्रश्न : मुलगी साडेपाच वर्षांची आहे. शंभरपर्यंत अंक घडाघडा म्हणते, पण ५ आणि ३ किती विचारलं की बोटं काढते. सासूबाई म्हणतात, ही सवय आत्ताच मोडा. काय करावं? — एक आई, सातारा

उत्तर : सवय मोडू नका. या वयात बोटं हा आधार आहे, कच्चेपणा नव्हे. बेरजा तोंडात बसल्या की तो आपोआप सुटतो. अंक म्हणता येणं आणि मोजता येणं मात्र वेगळं. डब्यातून सात चमचे आणायला सांगून बघा.

घासून एका बाजूने पांढरे केलेले सहा चिंचोके घ्या. तिने ते जमिनीवर टाकायचे. चार पांढरे पडले, तर काळे किती? पुन्हा टाकले की तीन-तीन, मग पाच-एक. सहाची फोड अशी खेळता खेळता पक्की होते. (घरात रांगतं बाळ असेल तर चिंचोके लगेच उचला.) सापशिडीत सोंगटी २७ वर असताना ३ पडले, तर ‘एक, दोन, तीन’ न म्हणता ‘अठ्ठावीस, एकोणतीस, तीस’ म्हणत पुढे जायला लावा. एवढ्या एका बदलाने खूप फरक पडतो.

दहा मिनिटं पुरे. कंटाळली की थांबा, आणि पाहुण्यांसमोर पाढे म्हणायला तर मुळीच लावू नका. दुसरी संपतानाही लहान बेरजा अडत असतील, तर वर्गशिक्षिकांशी बोला. सध्या तसं काळजीचं काही दिसत नाही.