एक पक्षी की दोन?

मुलांनो, डोडोचे चित्र तुम्ही पुष्कळदा पाहिले असेल. आपल्या रॉड्रिग बेटावर डोडोचा एक भाऊबंद राहत असे. त्याचे नाव सॉलिटेर. त्यालाही उडता येत नव्हते. १६९१ साली फ्रांस्वा लेगा हा फ्रेंच प्रवासी रॉड्रिगवर आला आणि दोन वर्षे राहिला. हे पक्षी नर-मादी जोडीने राहतात, मादी एकच अंडे घालते, असे त्याने लिहून ठेवले. पुढे सॉलिटेर नाहीसे झाले. गुहांमध्ये त्यांची हाडे तेवढी उरली.

ही हाडे अभ्यासकांच्या हाती आली, तेव्हा एक कोडे पडले. काही हाडे मोठी होती, काही बरीच लहान. ह्यू स्ट्रिकलंड या इंग्रज अभ्यासकांना वाटले, हे दोन निराळे पक्षी असावेत. १८५२ साली त्यांनी लहान हाडांच्या पक्ष्याला वेगळी जाती मानून नवे नाव दिले.

जाती म्हणजे काय? ज्या प्राण्यांना एकमेकांपासून पिले होतात आणि त्या पिलांनाही पुढे पिले होतात, ते एका जातीचे. जिवंत पक्ष्यांकडे पाहून हे समजते. पण हाडे काही अंडी घालत नाहीत! तेथे आकारावरून अंदाज बांधावा लागतो, आणि आकार फसवा असतो. समजा, तुम्ही कोंबडा आणि कोंबडी कधी पाहिलीच नाहीत. तुम्हांला फक्त त्यांची हाडे सापडली. तुम्ही काय म्हणाल? आणि कुत्रे पाहा. मांडीवर मावणारा कुत्रा आणि वासराएवढा कुत्रा, दोघे एकाच जातीचे!

पुढे आल्फ्रेड आणि एडवर्ड न्यूटन या भावांनी रॉड्रिगची आणखी पुष्कळ हाडे तपासली. मग उलगडा झाला. मोठी हाडे नरांची होती, लहान हाडे माद्यांची. नर सुमारे ९० सेंटिमीटर उंच, तर मादी ७० सेंटिमीटर. लेगाने पाहिलेली जोडपी ती हीच. नवे नाव मागे पडले.

सॉलिटेर पाहणारा लेगा तरी होता. डायनोसॉर पाहायला कोण होते? त्यांची हाडे कोट्यवधी वर्षांची. पिल्लाचे हाड आणि मोठ्याचे हाड यांना दोन नावे दिली गेली, असे तेथेही घडले आहे. शिवाय एखादी जाती हजारो वर्षांत हळूहळू बदलत जाते. मग जुनी कोठे संपली आणि नवी कोठे सुरू झाली, यावर अभ्यासक आजही वाद घालतात.

पोर्ट लुईच्या संग्रहालयात डोडोचा सांगाडा आहे. इतर देशांतले बहुतेक सांगाडे अनेक डोडोंची हाडे जोडून केलेले आहेत. आपला मात्र एकाच पक्ष्याचा आहे. तो शोधून काढला तिरियू नावाच्या एका न्हाव्याने.